"सव्वीसचं ठरलं होतं": वाडीच्या गोदामातल्या एका तोंडी पगारवाढीचं प्रकरण

फेब्रुवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात एक ताई माझ्या वकिलीच्या ऑफिसात आल्या. हातात ७२,६९२ रुपयांचा चेक आणि एक छापील पावती. पावतीवर एकच ओळ: "माझा पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला असून माझे कोणतेही येणे बाकी नाही." खाली सहीची जागा कोरी. त्यांनी विचारलं, "मॅडम, चेक टाकू की नको?"

चेक ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेचा होता. मी हिशेब मांडून पाहिला: २१,००० भागिले महिन्याचे २६ दिवस, गुणिले वर्षाला १५ दिवस, गुणिले ६ वर्षं. आकडा बरोबर जुळला. मग अडचण काय, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "माझा पगार एकवीस नव्हता. सव्वीस होता. बँकेत एकवीस यायचा."

सगळं प्रकरण या तीन वाक्यांत आहे. ताईंच्या परवानगीनं ते इथे मांडते आहे. त्यांची आणि पेढीची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

घडलं ते असं

नागपूरच्या अमरावती रोडवरची वाडी म्हणजे गोदामं आणि ट्रान्सपोर्टवाल्यांचा पट्टा. तिथं दोघा भावांच्या भागीदारी पेढीत ताई जून २०१८ पासून कामाला होत्या. इलेक्ट्रिक सामानाचा घाऊक धंदा, पंधराएक माणसं. थोरल्यांना सगळे मोठे भाऊ म्हणत, धाकट्यांना छोटे भाऊ. माणसं आणि माल मोठ्या भावांकडे, बँक आणि टॅक्स छोट्या भावांकडे. ताई बिलं, चलान आणि बिल्ट्या (ट्रान्सपोर्टच्या पावत्या) करायच्या आणि कोणता माल कोणत्या गाडीत चढला याचा हिशेब ठेवायच्या. १४,००० वर लागल्या होत्या, वाढत वाढत एकठोक २१,००० वर आल्या होत्या. मूळ पगार, भत्ते अशी फोड नव्हती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बुटीबोरीच्या एका कारखान्यानं त्यांना ईमेल पाठवला: स्टोअर्समध्ये जागा आहे, पगार २६,०००. ताईंनी लपवालपवी न करता मोठ्या भावांना सांगितलं. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही गेल्या तर माझं डिस्पॅच बसते. जाऊ नका. एप्रिलपासून सव्वीस करून देतो. दिवाळीत अजून पाहू."

रात्री ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, "भाऊ, सव्वीसचं एप्रिलच्या पगारापासून धरायचं ना? उद्या बुटीबोरीला कळवायचं आहे." उत्तरादाखल सात सेकंदांचा आवाज आला. मागे टेम्पो रिव्हर्स घेतल्याचा टींटीं, कुणीतरी हमालावर ओरडतंय, आणि त्यात मोठे भाऊ: "हो न ताई, आपलं ठरलं न. आता ते बुटीबोरीचं डोक्यातून काढून टाका बरं." दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी कारखान्याला नम्रपणे नकार कळवला.

एप्रिलचा पगार आला २१,०००. "छोट्या भावाला सांगायचं राहिलं, पुढच्या महिन्यात धरून देतो." मे महिन्याचेही २१,०००. जूनचा पगार मात्र खात्यात २६,००० जमा झाला आणि ताईंना वाटलं, लागलं एकदाचं मार्गी. जुलैला पुन्हा २१,०००. मग मंदी आली, मग दिवाळी आली, मग "मार्चनंतर पाहू". जानेवारी २०२४ अखेर त्यांनी काम सोडलं.

"तोंडी होतं, म्हणून काही नाही"?

आम्ही पेढीला नोटीस पाठवायच्या आधीच ताईंच्या घरच्यांनी निकाल देऊन टाकला होता: लेखी नाही, म्हणजे तोंडाच्या वाफा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांची अशीच समजूत असते आणि ती चुकीची आहे. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १० कराराला काय काय लागतं ते सांगतं: दोन्ही पक्षांची खुली संमती, करार करण्याची पात्रता, कायदेशीर प्रतिफल, कायदेशीर उद्देश. एखाद्या करारासाठी दुसऱ्या कायद्यानं लेखाची अट घातली असेल तर तिथं लेख हवाच. जमिनीचं खरेदीखत तोंडी होत नाही, लवादाचा करार तोंडी होत नाही. अशा नोकरीतली पगारवाढ तोंडी ठरू शकते.

तोंडी वचन बहुतेक वेळा पडतं ते मोघमपणामुळे. कलम २९ म्हणतं की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही किंवा निश्चित करता येत नाही, तो रद्दबातल. त्याच कलमाखाली कायद्यानं एक उदाहरण दिलंय, मला ते फार आवडतं: क नं ख ला आपला पांढरा घोडा "पाचशे किंवा हजार रुपयांना" विकायचं कबूल केलं. कोणती किंमत, हे कशावरूनच कळत नाही. करार रद्द.

आता मोठ्या भावांची दोन वाक्यं या घोड्याशेजारी ठेवून पाहा. "एप्रिलपासून सव्वीस करून देतो": रक्कम आहे, तारीख आहे, कोणासाठी ते आहे. "दिवाळीत अजून पाहू": किती, ते नाही, देणारच, असंही नाही. "पाहू" हे आपल्या मराठीतलं सगळ्यात मोठं मोकळं दार आहे. ताईंना दिवाळीचीही वाढ मागायची होती. मी ती मागणी पहिल्याच बैठकीत काढून टाकायला लावली. त्यांना वाईट वाटलं. पण कच्ची मागणी पक्क्या मागणीच्या गळ्यात बांधली की दोन्ही बुडतात.

बुटीबोरीचा नकार

कायद्याच्या दृष्टीनं प्रकरणाचा गाभा इथं आहे, म्हणून जरा थांबते.

वचन निश्चित असलं तरी पुरत नाही, त्याच्या बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. त्याला प्रतिफल म्हणतात. मालकानं खूश होऊन म्हटलं, "तू मागच्या वर्षी छान काम केलंस, तुला पन्नास हजार देईन", तर अडचण होते, कारण त्या कामाचा पगार आधीच मिळालेला असतो. आपल्याच मुंबई हायकोर्टाचा १८७७ चा निकाल आहे. एका वकिलानं वकीलपत्र घेतल्यानंतर पक्षकारानं त्याला कबूल केलं की दावा जिंकलास तर जास्तीची रक्कम देईन. कोर्टानं ती रक्कम नाकारली. वकीलपत्र घेतलं तेव्हाच मन लावून काम करणं त्याच्यावर बंधनकारक झालं होतं, जास्तीच्या वचनाबदल्यात त्यानं नवीन काहीच दिलं नव्हतं.

पेढीच्या वकिलांनी आमच्या नोटिशीच्या उत्तरात हाच सूर लावला: बाई तेच काम करत होत्या, त्याच खुर्चीवर, मग वाढ कशाबद्दल?

पण कलम २(ड) मध्ये प्रतिफलाची व्याख्या नीट वाचली तर त्यात फक्त "करणं" नाही, "न करणं"ही आहे. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून समोरच्यानं एखादी गोष्ट करण्याचं टाळलं, तर ते टाळणंसुद्धा प्रतिफल. ताईंनी बुटीबोरीची नोकरी घेतली नाही, आणि ती मोठ्या भावांच्या सांगण्यावरून घेतली नाही. "जाऊ नका" हे त्यांचेच शब्द, "डोक्यातून काढून टाका" हेही त्यांचेच. क्रम पाहा: आधी वचन, मग रात्रीची खात्री, मग दुसऱ्या दिवशीचा नकार. तिन्हीच्या वेळा फोनमध्ये आणि ईमेलमध्ये नोंदलेल्या. नकार आधी गेला असता आणि वाढीचं बोलणं नंतर झालं असतं, तर मला हे प्रकरण इतक्या विश्वासानं लढवता आलं नसतं.

हातात दुसरी नोकरी नसलेल्या माणसाला तोंडी वाढ कबूल केली असेल तर? तेव्हाही सगळं संपत नाही. माणूस नोकरी सोडायला मोकळा असतो. वाढीच्या भरवशावर तो पुढचे महिने राबला, तर ते पुढचं राबणं हेच प्रतिफल, असा युक्तिवाद करता येतो. मी तो केलाही असता. पण तो चढणीचा रस्ता आहे.

नेमणूकपत्रातली "मर्जी"

पेढीचा दुसरा मुद्दा २०१८ च्या नेमणूकपत्राचा. त्यात लिहिलं होतं: पगार १४,०००, वाढ व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार. लेखी करारासमोर तोंडी बोलणं चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. तत्त्व खरं आहे, पण अर्धं. त्यावेळी लागू असलेल्या पुरावा कायद्याच्या कलम ९२ लाच अपवाद होता: लेखी कराराच्या नंतर तोंडी ठरावानं तो बदलला असेल, तर तो ठराव सिद्ध करता येतो, जोवर मूळ करार लेखी असण्याची कायद्याची सक्ती नाही आणि तो नोंदणीकृत झालेला नाही.

शिवाय पेढीचीच पद्धत पेढीच्या विरोधात होती. ताईंचा पगार १४,००० वरून २१,००० वर पोचला तो काय कागदावर? एकाही वाढीचं पत्र नाही. दरवेळी मोठे भाऊ तोंडानं बोलले आणि पुढच्या महिन्यात बँकेत जमा झालं. पाच वर्षं जो शब्द चालला, तो २०२३ मध्येच कागद मागायला लागला! आणि मर्जीचं म्हणाल, तर रक्कम आणि महिना सांगितला त्या क्षणी मर्जी वापरून झाली. मर्जी देण्याआधी असते, कबूल केल्यावर ती पुन्हा खिशात घालता येत नाही.

छोट्या भावांनी "मला माहीतच नव्हतं" असं सांगितलं. कदाचित खरंही असेल. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम १८ आणि १९ प्रमाणे भागीदार हा पेढीचा प्रतिनिधी असतो आणि धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारात त्यानं केलेलं पेढीला बांधतं. माणसं ठेवणं आणि पगार ठरवणं मोठ्या भावांकडेच होतं, विषय संपला.

उचलीची वही

नोटिशीला आलेल्या उत्तरात एक मुद्दा मात्र मला खरोखर टोचला. जूनचे जास्तीचे ५,००० ही वाढ नव्हतीच, शाळा उघडताना बाईंनी घेतलेली उचल होती, असं त्यात होतं. ऐकायला पटण्यासारखं. जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडतात, वह्या, दप्तर, गणवेश. निम्मी वाडी तेव्हा उचल घेते.

मी ताईंना फोन केला. पलीकडे क्षणभर शांतता, मग त्या म्हणाल्या, "मॅडम, उचलीची वही मीच लिहायची."

लाल कापडी पाठीची लांब वही. प्रत्येक उचलीला तारीख, रक्कम, कारण आणि घेणाऱ्याची सही; अंगठेवाला असेल तर अंगठा. खाली कपातीचे हप्ते, महिन्याला पाचशे किंवा हजार. २०२१ मध्ये ताईंनी स्वतः सासऱ्यांच्या मोतीबिंदूसाठी घेतलेली ८,००० ची उचल त्यात होती, सहीसकट, आठ हप्त्यांत फिटलेली. २०२३ च्या जून-जुलैच्या पानावर त्यांचं नाव नव्हतं. उचल म्हणून दिलेल्या ५,००० चा एकही हप्ता पुढच्या सात महिन्यांत कापला नव्हता, शेवटच्या हिशेबातही नाही. वही पेढीकडे होती, पण जानेवारीत काम सोपवताना ताईंनी छोट्या भावांनाच शेवटच्या शिल्लक उचलींची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. यादीत सहा नावं. त्यांचं नाही. त्यावर छोट्या भावांचं "ओके".

आम्ही प्रत्युत्तरात एवढंच लिहिलं की दावा झाल्यास ही वही कोर्टात हजर करण्याची मागणी केली जाईल.

आवाजाच्या पुराव्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. फोन विकू नका, रिसेट करू नका, हे मी ताईंना पहिल्या दिवशी सांगितलं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला तेव्हा पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागायचं, आणि आपल्या जालन्याच्या निवडणूक वादातून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये ते सक्तीचं असल्याचं पक्कं केलं. पण त्याच निकालात असंही आहे की मूळ उपकरणच हजर केलं आणि त्याच्या मालकानं साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन ते सिद्ध केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. म्हणून काच तडकलेला तो जुना फोन सांभाळून ठेवायचा. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानं घेतली आहे. तिथं हा विषय कलम ६३ मध्ये येतो आणि प्रमाणपत्राचा नमुना जास्त तपशिलाचा झाला आहे.

जायचं कुठे

हक्क आहे म्हणून दार उघडं असतंच असं नाही, आणि या बाबतीत ताईंवर कायद्यानं थोडा अन्यायच केला असं मला वाटतं. वेतन प्रदान कायदा, १९३६ ची तेव्हाची मर्यादा होती महिना २४,०००. ताईंना २१,००० मिळत होते म्हणून त्या आत, पण मागत होत्या २६,००० म्हणून बाहेर. स्वतःचं म्हणणं खरं ठरलं की तोच कायदा हातातून जाणार! औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३क(२) खाली कामगार न्यायालय तेव्हा पैशांचा हिशेब करून द्यायचं, पण हक्क आधीच मान्य किंवा ठरलेला असावा लागायचा. दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १९९४ मध्ये ते स्पष्ट केलं होतं. इथं तर वाद हक्काचाच. दिवाणी कोर्टात वसुलीचा दावा होऊ शकत होता, प्रत्येक महिन्याच्या पगाराला तो देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ चा झटपट दावा नाही, त्याला लेखी करार लागतो. म्हणजे साधा दावा, साक्षी, उलटतपासणी आणि सिव्हिल लाईन्समधल्या कोर्टाच्या फेऱ्या. थकबाकी किती? एप्रिल २०२३ ते जानेवारी २०२४ हे दहा महिने, त्यातला जून वजा. नऊ गुणिले ५,००० म्हणजे ४५,०००.

खरा रस्ता त्यांच्या हातातल्या चेकमध्ये होता. तेव्हाच्या ग्रॅच्युइटी कायदा, १९७२ मध्ये वेतनाची व्याख्या होती: नोकरीच्या अटींप्रमाणे कमावलेली, "दिलेली किंवा देय" असलेली रक्कम. देय! बँकेत आली नाही म्हणून ती वेतनातून सुटत नाही. मग शेवटचं वेतन २६,०००. त्याला २६ नं भागा, १५ नं गुणा, १५,००० येतात. जून २०१८ पासूनची पाच वर्षं आणि वरचे सहा महिन्यांहून जास्त, म्हणजे सहा वर्षं धरायची: ९०,०००. चेकपेक्षा १७,३०८ जास्त. रकमेचा वाद त्या कायद्याखालच्या नियंत्रण प्राधिकाऱ्यापुढे नेता येत होता आणि त्याला शेवटचं वेतन किती ते ठरवावंच लागलं असतं. तोंडी वचनाची तपासणी तिथं आपोआप होणार होती.

म्हणून पहिल्या दिवशी ताईंना सांगितलं: चेक टाका, पावतीवर सही करू नका. सोबत चार ओळींचं पत्र द्या की रक्कम हक्क राखून स्वीकारली आहे.

आज हेच घडलं तर चित्र थोडं वेगळं असेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यात ती २४,००० ची भिंत नाही आणि मागणीला तीन वर्षांची मुदत आहे. वेतनाच्या व्याख्येत नोकरीच्या "स्पष्ट किंवा गर्भित" अटी येतात, त्यात लेखी-तोंडी असा भेद नाही.

मिटलं ते कसं

प्रकरण कोर्टाच्या निकालापर्यंत गेलं नाही, त्यामुळे हा दाखला म्हणून कुणी कोर्टात वाचू नये. उचलीच्या वहीचा मुद्दा मांडणारं आमचं प्रत्युत्तर गेल्यावर तीन आठवड्यांनी पेढीच्या वकिलांचा फोन आला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत दावापूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत बसायचं ठरलं. महिलांना तिथं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच असतो आणि त्यावर अपील नाही.

मोठे भाऊ स्वतः आले होते. खुर्चीत बसता बसता ताईंना म्हणाले, "सासऱ्यांचे डोळे कसे आहेत आता?" ताई म्हणाल्या, "बरे आहेत भाऊ." मग बराच वेळ दोघंही वकिलांकडे पाहत राहिले.

आवाज वाजवायची वेळच आली नाही. पेढीनं मान्य केलं की वाढ झाली होती, पण ती जूनपासून, पैसे दिले त्या महिन्यापासून. एप्रिल-मेचे १०,००० ताईंनी सोडावेत. मी नको म्हणत होते. ताईंनी माझ्याकडे न पाहता हो म्हटलं. जुलै ते जानेवारी सात महिन्यांचे ३५,००० आणि ग्रॅच्युइटीचा फरक १७,३०८, एकूण ५२,३०८, दोन चेकनी.

तडजोडीचा मसुदा वाचून झाल्यावर ताईंनी एक ओळ वाढवायला सांगितली. नवीन ठिकाणी, कळमन्याच्या एका व्यापाऱ्याकडे, त्यांचं बोलणं चालू होतं आणि तो आधीच्या पगाराचा कागद मागत होता. पेढीनं अनुभवाच्या दाखल्यात शेवटचा पगार २६,००० लिहून द्यावा, अशी ती ओळ. छोट्या भावांनी मोठ्या भावांकडे पाहिलं. मोठे भाऊ म्हणाले, "लिही. तेवढं तर मीच बोललो होतो."